पुढचा डबा कोणता, बाई?

प्रल्हादराव, परवाच्या रविवारी तुमच्याशिवाय पहिला खेळ झाला.

करू नये असं माझं मत होतं. तुम्हाला जाऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. पण हा पिक्चर तुम्हीच दोन महिने आधी सांगून ठेवलेला. रिळांचे पाचही डबे शुक्रवारी फोर्टातल्या फिल्म लायब्ररीतून येऊन पडले. परत पाठवायचे का, हे विचारायला मी तुर्भ्याला तुमच्या घरी गेले, तर तुमच्या आई म्हणाल्या, "आनलाच हाय तर लावा, बाई. न बघता डबे परत धाडलेलं त्याला आवडायचं न्हाई." मग लावला.

तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी बोलायला मला दर पंधरा दिवसांनी चार-चार मिनिटं मिळायची, एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंतची. आज सलग बोलणार आहे. तुम्हाला माझं वाक्य मधेच तोडायची खोड होती, ती अडचण आता उरली नाही. तेव्हा ऐकून घ्या.

तुम्हाला आठवतं का, वाशीत तेव्हा माणसांपेक्षा चिखल जास्त होता. आई आणि मी गिरगावातून इथे आलो, कारण मला इथल्या शाळेत नोकरी लागली. इमारती उभ्या, रस्ते आखलेले, आणि संध्याकाळी करायला काही म्हणजे काही नाही. सिनेमा बघायचा तर पूल ओलांडून चेंबूरला जा. म्हणून आम्ही आठ-दहा शिक्षक आणि कारकून यांनी मिळून फिल्म क्लब काढला आणि एक जुना प्रोजेक्टर आणला. त्याने पहिल्याच दिवशी रीळ खाल्लं. कुणीतरी म्हणालं, तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला एक पोरगा आहे, हात चांगला आहे त्याचा. आणि तुम्ही आलात. एकतीस वर्षांचा पोरगा. मी बेचाळीस.

तुम्ही वर्तमानपत्र पसरलंत, मशीन उघडलंत, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने माझ्या खडूच्या पेटीत ठेवत गेलात. तासाभरात मशीन सुरू. मी म्हटलं, चहा घेऊन जा. तुम्ही म्हणालात, "पिक्चर बघूनच जातो की, बाई." ते सात वर्षं गेलात नाही.

पिक्चर सगळे इंग्रजी, जुने, नाचगाण्यांचे. आपली रसिकता फार मोठी होती म्हणून नव्हे. लायब्ररीत तेच कुणी मागत नसल्यामुळे चटकन मिळायचे, आणि संवाद कळले नाहीत तरी नाच कळायचा. समाजमंदिराचा हॉल, खिडक्यांना कांबळी, दोन चादरी जोडून शिवलेला पडदा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दर वीस-बावीस मिनिटांनी दिवा लावायचा, रीळ काढायचं, दुसरं चढवायचं. त्या चार मिनिटांत मी उभी राहून पुढच्या रिळात काय होणार ते मराठीत सांगायची. गोष्ट आधी सांगून टाकली तर मजा जाते, असं पहिल्यांदा एक कारकून म्हणाले होते. कराव्याच्या जनाबाईने त्यांना गप्प केलं. मासळीची टोपली रिकामी करून ती रविवारी दुपारी थेट हॉलवर यायची आणि पहिल्या रांगेत जमिनीवर बसायची. "रामायन काय म्हाईत नाय का तुमाला? तरी बगताव ना?" म्हणाली.

आणि आपली एक रीत पडली होती. तुमचे दोन्ही हात फिल्मच्या पट्टीत अडकलेले असायचे. मशीनच्या कोपऱ्यात दिव्याचा उजेड पोचत नसे, म्हणून माझ्याकडे टॉर्च. तुम्ही मान न वळवता विचारायचात, "पुढचा डबा कोणता, बाई?" मी झाकणावरचा आकडा वाचायची, "तीन." मग डबा उघडून तुमच्या हातात. तुम्हाला आकडे वाचता येत नव्हते थोडेच! तिनानंतर चार येतो हे कुणालाही कळतं. पण तुम्ही विचारायचात आणि मी सांगायची.

भांडण आपलं पहिल्या महिन्यातच लागलं. पडद्यावर काळ्या कोटातला उंच हीरो, पिकलेल्या कानशिलांवर काळा रंग फासलेला, आणि त्याच्या हातात पिसांच्या झग्यातली कोवळी मुलगी. मी म्हटलं, "पंचावन्नचा असेल हा. ती विशीची. बाप शोभतो तिचा."

"नाचताना नाही वाटत," तुम्ही म्हणालात.

"आणि नाच संपल्यावर?"

"नाच संपला की पिक्चर पण संपतो, बाई. ते लोक काय येडे हायेत का, पुढचं दाखवायला?"

जनाबाई माझ्या बाजूची. "आवरा म्हातारा नवरा? पोरीला दुसरा कोन गावला नाय?" असं ती मोठ्याने विचारायची आणि सगळा हॉल हसायचा. मग तो म्हातारा जिन्यावरून टाचा वाजवत उतरला की तीच म्हणायची, "पन नाचतं बरा."

दर पिक्चरला जोडी विजोडच निघायची. तो राजवाड्यातला, ती फुलं विकणारी. ती पुस्तकातली, तो तालमीतला. आणि वय तर ठरलेलंच, तो तिच्या दुप्पट. मला या सगळ्यात वयच खुपायचं. शेवटी एकदा वैतागून मी म्हटलं, "एकदा तरी उलटं दाखवा की. ती थोराड, तो तरुण, आणि कुणी हसत नाही, आणि शेवटी लग्न होतं. असा एक पिक्चर आणा, मी माझं म्हणणं मागे घेते."

"पक्कं?"

"पक्कं."

तुम्ही हे इतकं मनावर घ्याल असं मला वाटलं नव्हतं. लायब्ररीत डबे बदलायला गेलात की तिथल्या यादीची पानं उलटत बसायचात. तिथल्या माणसाचं डोकं खायचात. दर वेळी काहीतरी घेऊन यायचात. "बाई, एक सापडलाय. ती दोन वर्षांनी मोठी हाय." मी म्हणायची, दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. "पाच वर्षांचा एक हाय, पण त्यात ती मरते." मी म्हटलं, मेलेली चालणार नाही. एका रविवारी, पट्टी दातेरी चाकावर बसवता बसवता, तुम्ही सहज विचारलंत, "मग किती वर्षांचा आणू, एकदाचं सांगून टाका."

"अकरा," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. तुमची बोटं थांबली. मला वाटलं, आता हे हसतील, म्हणजे मलाही हसून घेता येईल. तुम्ही हसला नाहीत. "अकरा," असं हळूच म्हणालात आणि मशीन सुरू केलंत. त्या पिक्चरमध्ये पुढे काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, डबे घेऊन आपण बस स्टॉपवर उभे होतो. दुपारचे चार. तुमच्या दोन्ही हातांत पिशव्या. समोरून ट्रक जात होते, त्यामुळे तुम्हाला जरा मोठ्याने बोलावं लागलं. "बाई, वयाचं काय टेन्शन नाही. ते सापडंल कुटंतरी. दुसरं काय असंल तर आत्ता सांगा. म्हंजे मी शोधायचं बंद करतो."

मी म्हटलं, "दुसरं काही नाही."

प्रल्हादराव, हे खोटं होतं. हे सांगायलाच मी आज बसले आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

दुसरं होतं. तुमची जात होती. मी नववीच्या वर्गाला दर वर्षी समतेवर निबंध लिहायला लावत होते, चांगला लिहिला की शेरा देत होते, आणि तुमच्या घरातल्या बुद्धाच्या तसबिरीसमोर हात जोडतानाही माझ्या मनात गिरगावातला माझा दादा काय म्हणेल, आई काय म्हणेल, हेच चालू होतं. वयाचं कारण सभ्य होतं. चारचौघांत बोलता येत होतं, त्यावर हसता येत होतं, जनाबाईलासुद्धा सामील करून घेता येत होतं. म्हणून मी सात वर्षं वयाबद्दल बोलत राहिले.

आणि तो कप. तुम्ही आमच्याकडे मिक्सर दुरुस्त करायला, फ्यूज बघायला यायचात, तेव्हा आई तुम्हाला निळ्या काठाच्या कपात चहा द्यायची. त्याला बशी नव्हती. तुम्ही गेलात की तो धुऊन गॅलरीतल्या खिळ्याला अडकवायची. बाकीचे कप आत, मांडणीवर. मी हे बघत होते. तुम्हीही बघत होतात. एकदा तुम्ही जाताना चपला घालत म्हणालात, "आमचा कप जपा बरं का, बाई. फुटला तर आमाला च्या कुठला?" आणि हसलात. मीही हसले, जणू गंमतच होती.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतरही तुम्ही आलात की मी त्याच कपात चहा दिला आणि धुऊन त्याच खिळ्याला लावला. कुणी सांगितलं नव्हतं. घरात मी एकटीच होते.

"दुसरं काही नाही" म्हटल्यानंतरचा रविवार आठवतो? आपण दोघं बोलत नव्हतो. रागावलो नव्हतो, नुसतं बोलत नव्हतो. पिक्चर होता एका घोड्यांच्या व्यापाऱ्याचा आणि शहरातल्या गाणाऱ्या बाईचा, नेहमीप्रमाणे एकमेकांना न शोभणारी दोघं. दुसरं रीळ संपलं. तुम्ही विचारलं नाहीत, पुढचा डबा कोणता. मीही सांगितलं नाही. टॉर्च माझ्या हातात होता, तो मी पदरात धरून उभी होते. तुम्ही अंधारात हात घातलात आणि जो लागला तो डबा घेतलात. तो पाचवा निघाला. दोघं भांडायच्या आधीच त्यांचं लग्न लागलं, तबेल्यात, घोड्यांच्या साक्षीने. मी कपाळाला हात लावला. आता थांबवणार कसं? मग तुम्ही तिसरं लावलंत, मग चौथं. चौथ्याच्या शेवटी ती गाडीत बसून रडत निघून जाते आणि तो लगाम हातात घेऊन एकटा उभा राहतो. पांढरा पडदा. संपला पिक्चर.

मी काय सांगणार होते लोकांना? उभी राहिले तर जनाबाईच बोलली. "बराबर हाय. लगीन आदी, भांडान मंग. आमचे घरान पन असाच हाय." हॉल असा हसला की कांबळी हलली. मी तुमच्याकडे बघितलं आणि आपण दोघंही हसायला लागलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुम्ही म्हणालात, "असंच पायजे, बाई. शेवट आधी बघून ठेवला की भांडायची भीती राहत नाही."

त्या दिवशी मला वाटलं, सुटले. बोलणं पुन्हा सुरू झालं, प्रश्न तिथेच राहिला. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरतं.

मग व्हिडिओ आला. हॉलमध्ये शंभर माणसं बसायची ती चाळीस झाली, मग पंधरा. क्लबातले बरेच जण येईनासे झाले. तुम्ही, मी, जनाबाई आणि ज्यांना घरी बोलायला कुणी नव्हतं असे काही जण उरले. पडद्यावर ती जोडपी अजून तितक्याच उत्साहाने नाचत होती. कधीकधी मला वाटायचं, ती फक्त आपल्या दोघांसाठीच नाचताहेत, आणि ते लक्षात आलं की मी टॉर्च बंद करून टाकायची.

कावीळ झाली म्हणून तुम्हाला इस्पितळात घातलं तेव्हा मी मोसंबी घेऊन आले. तुमचे डोळे पिवळे, हात हलके झालेले. तुमच्या आई पायाशी बसल्या होत्या. मी प्रोजेक्टरच्या पट्ट्याबद्दल बोलले. पट्टा सैल झालाय, काय करू? तुम्ही नीट समजावून सांगितलंत, कुठली पुली आधी, कुठली नंतर. मी वहीत लिहून घेतलं. मग तुम्ही म्हणालात, "अकराचा पिक्चर काय सापडला नाही, बाई."

तेव्हा मी बोलू शकले असते. मी म्हटलं, "बरे व्हा, मग बघू."

परवाच्या खेळाला तुमच्या आई आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची दिली, पण त्या खाली जनाबाईशेजारी बसल्या. मशीन बँकेतल्या कदमांनी चालवलं. माणूस काळजीचा आहे, पण डबे त्यांनी आधीच ओळीने मांडून ठेवले होते, त्यामुळे त्यांना काही विचारायची गरज नव्हती. पिक्चरमध्ये जहाजाचा पिकल्या मिशांचा कप्तान आणि भटारखान्यात काम करणारी एक पोर. तुम्ही मुद्दाम माझ्याशी भांडण काढायलाच निवडला असणार.

तिसरं रीळ संपलं, दिवा लागला. मी चिठ्ठी घेऊन उभी राहिले. कप्तान आता वादळात सापडतो, असं सांगायचं होतं. मी सांगितलं, एका खाडीच्या काठावर नवीन वस्ती होते. तिथे शाळेत शिकवणारी एक बाई राहते, चाळिशी उलटलेली. एक माणूस तिचं मशीन दुरुस्त करायला येतो. तो तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. दोघांचं सारखं भांडण चालतं, पण पंधरा दिवस गेले की दोघांना एकमेकांची आठवण येते. एक दिवस तो तिला विचारतो, वयाशिवाय दुसरं काही आहे का?

कदम पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत होते. मागे कुणीतरी खोकलं.

जनाबाईने विचारलं, "मंग ती काय बोलली?"

"नाही म्हणाली," मी म्हटलं. "खोटं बोलली. त्याची जात तिच्या आड येत होती आणि ते तोंडाने सांगायची तिला लाज वाटली. आणि तो तिला आवडत होता. फार आवडत होता. ते तर तिने कधीच सांगितलं नाही."

चौदा माणसं होती हॉलमध्ये, मी मोजली. जनाबाईने खाली बघितलं. तुमच्या आईंनी मात्र माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्याला ठावं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "कपाचं बी सांगितलं व्हतं त्यानं मला. मी म्हनलं, कशाला जातोस मंग त्या घरी? तर म्हनला, आई, आज ना उद्या बाई सोताहून तो कप आत नेतील. त्या दिवशी मी बोलंन."

कदमांनी दिवा मालवला. हातातल्या टॉर्चने मी झाकणावरचा आकडा बघितला आणि मोठ्याने वाचला, "चार." कुणी विचारलं नव्हतं. मग कप्तान वादळात सापडला, आणि पाचव्या रिळात त्या पोरीने त्याच्याशी लग्न केलं. नाचला तो बरा.

तुमच्या आईंना मी बसपर्यंत सोडलं. बसमध्ये चढताना त्यांनी माझा हात धरला, कारण पायरी उंच होती.

घरी आले. गॅलरीतून तो कप काढला. काठाला एक टवका उडाला आहे, तो माझ्या कधी लक्षात आला नव्हता. धुतला, पुसला, मांडणीवर बाकीच्या कपांमध्ये ठेवला. रोज सकाळी त्यातून चहा घेते. दोन दिवस झाले. घरात कुणाचाच आवाज नसतो. मी आता मधे काही बोलणार नाही.

कप आत आणलाय, प्रल्हादराव. बोला.